काल काहून नाही आला?



अमरावतीच्या माणसाला अकोल्यात बोलावून व्यायामावर बोलायला लावणं यात थोडा धोका आहे. आमच्या गावाला व्यायामाचा जरा ताठा आहे. तुमच्या गावाला ऊन पचवण्याचा आहे. दोन्ही ताठ्यांचा आज उपयोग होईल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी काही आज पुढच्या रांगेत बसले आहेत. ते सत्तरीच्या घरात असूनही खुर्चीत ताठ बसले आहेत, यावरून गुरुजींच्या कवायतीच्या तासाची कल्पना येते.

संयोजकांनी मला विषय दिला तो 'रोजच्या आयुष्यात व्यायामाची प्रेरणा कशी निर्माण करावी' असा. विषय चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट धरून चालली आहे. ती अशी, की आपल्याकडे प्रेरणा नाही म्हणून व्यायाम होत नाही. माझी शंका इथूनच सुरू होते. खरंच आपल्याकडे प्रेरणेचा तुटवडा आहे?

श्रावणातला शेवटचा सोमवार आठवा. आदल्या दिवशी तुमच्या गावातली हजारो पोरं गांधीग्रामला जातात, पूर्णेचं पाणी घागरींत भरतात आणि खांद्यावर कावड घेऊन, अनवाणी, रात्रभर चालत राजराजेश्वराच्या देवळापर्यंत येतात. अंतर अठरा-वीस किलोमीटर. पावसाचा चिखल, रस्त्यावरची खडी, खांद्यावर ओझं. त्यांना कुणी प्रेरणेवर व्याख्यान दिलेलं असतं का? अकोल्याहून शेगावला पायदळ जाणारी माणसं घ्या. चाळीसेक किलोमीटर. त्यात साठीच्या बाया असतात, मधुमेहाच्या गोळ्या पिशवीत टाकून निघालेले काका असतात. आणि शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी तर महिनाभर चालत असते. ज्या मुलखात हे दरवर्षी घडतं, त्या मुलखात चालण्याची इच्छा नाही असं कसं म्हणायचं?

आणि तरीही कावड उचललेलं तेच पोरगं मंगळवारी सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत मोटरसायकलला किक मारतं. हे कोडं आहे. रविवारी रात्री वीस किलोमीटर चालणारे पाय मंगळवारी दोनशे मीटरला का नाही म्हणतात?

भक्ती हे उत्तर आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं कावडीच्या रचनेत आहे. दिवस ठरलेला आहे, तो कुणी आपल्या सोयीनं बदलत नाही. रस्ता ठरलेला आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मंडळ ठरलेलं आहे. खांदा बदलायला चार जण लागतात, त्यातला एक आला नाही तर कावड अडते, आणि दुसऱ्या दिवशी चौकात त्याला विचारणारं कुणीतरी असतं : काल काहून नाही आला?

मला आज जे सांगायचं आहे ते या एका प्रश्नाभोवती आहे. व्यायामाचा हुरूप मनात आधी उगवतो आणि मग पाय उचलतात, असं आपण समजतो. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. दिवस, जागा आणि सोबत ठरली की पाय उचलतात. हुरूप मागून येतो. कधी कधी येतही नाही, तरी व्यायाम होऊन जातो.

आता आमच्या गावाचा ताठा.

१९१४ साली अमरावतीत अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या दोन भावांनी जे काम सुरू केलं, तेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. आज तिथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, अभियांत्रिकीचंसुद्धा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते एक मोठं शैक्षणिक संकुल वाटतं. पण मूळ काय होतं? माती, मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती, आणि ठरल्या वेळी उभा राहणारा शिकवणारा. हुतात्मा राजगुरू काही काळ इथे व्यायामाचे धडे घेत होते, हे तुम्हाला ठाऊक असेल. १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक भरलं तेव्हा याच मंडळाचं पथक तिथे गेलं आणि कबड्डीसह आपल्या मातीतल्या खेळांचं प्रात्यक्षिक युरोपला दाखवून आलं. वऱ्हाडातल्या एका व्यायामशाळेची पोरं बोटीनं समुद्र ओलांडून हुतुतू खेळायला बर्लिनला गेली! आजही हे सांगताना माझी छाती जरा फुगते, हे मी लपवत नाही.

पण बर्लिनपेक्षा मला या मंडळाचं दुसरं एक काम मोठं वाटतं. त्यांनी नुसते पैलवान घडवले नाहीत, शिकवणारे घडवले. शारीरिक शिक्षणाचे वर्ग चालवले, आणि तिथून शिकून गेलेली माणसं गावोगावच्या शाळांत शिक्षक झाली. म्हणजे प्रत्येक गावात 'काल काहून नाही आला' विचारणारा एक माणूस जाऊन बसला. व्यायाम कसा करावा याचं ज्ञान मराठीत कधीच कमी नव्हतं. बडोद्याला मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. औंधच्या राजेसाहेबांनी सूर्यनमस्कारांसाठी उभा जन्म घालवला. दंड कसा मारायचा हे पुस्तकात सापडेल. पुस्तक मात्र सकाळी दारावर थाप मारत नाही.

इथे आखाड्याची आरती ओवाळून मी पुढे जाणार नाही. जुन्या आखाड्यांत बहुतेक ठिकाणी बायकांना जागा नव्हती, आणि कोणत्या आखाड्यात कोण शिरू शकतो हे पुष्कळदा जातीवर आणि मोहल्ल्यावर ठरत होतं. लंगोट लावून उभं राहायला लाजणाऱ्या, काटकुळ्या किंवा गुबगुबीत पोराची तिथे टिंगल व्हायची, आणि तो पुन्हा यायचा नाही. मोजणी नेहमी टिकलेल्यांची होते, हाकललेल्यांची होत नाही. म्हणून 'आमच्या वेळी सगळे व्यायाम करायचे' हे वाक्य कुणी ऐकवलं तर त्या 'सगळे'त कोण कोण होतं, हे जरूर विचारा.

आणखी एक गोष्ट त्या काळाबद्दल. तेव्हा व्यायामाला कारण होतं, आणि ते जबरदस्त होतं. देश पारतंत्र्यात होता. शरीर कमावणं हे राजकीय काम होतं. टिळकांनी कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तशा गोष्टींचा त्या पिढीवर मोठा अंमल होता. मग १९४७ उजाडलं. कारण पूर्ण झालं. कारण पूर्ण झाल्यावर व्यायामाचं काय होतं?

याचं उत्तर इतिहासात शोधायची गरज नाही. उद्या पहाटे पाचला तुमच्या लाल बहादूर शास्त्री स्टेडियमवर जा, नाहीतर आमच्याकडे सायन्सकोर मैदानावर या. पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. खेड्यातून येऊन खोली करून राहिलेली ही मुलं. एक वेळ मेसचा डबा, एक वेळ मुरमुरे. यांच्या प्रेरणेवर शंका घेण्याची माझी हिंमत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. निवड झाली, वर्दी चढली, लग्न झालं, की यातले किती जण पळत राहतात? आणि ज्यांची निवड झाली नाही, वयाची अट ओलांडली, त्यांचं काय? ते तर मैदानाकडे पाहतसुद्धा नाहीत. मैदान त्यांना अपयशाची जागा वाटू लागते.

कारणासाठी केलेला व्यायाम कारणाइतकाच जगतो. लग्नाआधी वजन उतरवायचं, डॉक्टरांनी साखर दाखवून दम भरला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला जुने मित्र भेटणार आहेत. ही सगळी कारणं खरी आहेत, सुरुवातीला उपयोगी आहेत. पण साखर उतरली की दमही उतरतो. मोठ्या कारणांबद्दल मी इतका साशंक का, ते आता कळलं असेल. मोठ्या कारणानं घराबाहेर काढलं तरी तीन महिन्यांच्या आत एखादं लहान, बिनमहत्त्वाचं, रोजचं कारण त्याच्या जागी यावं लागतं. चालून झाल्यावरचा चहा. गप्पा. एखाद्याचं रडगाणं ऐकणं. तुमच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात सकाळी फिरणारे जे जुने गट असतात, त्यांतल्या माणसाला विचारा तुम्ही हृदयासाठी चालता का. तो म्हणेल, छे, हे बाकीचे वाट पाहतात म्हणून येतो.

माझं म्हणणं नुसतं आखाड्याच्या आठवणींवर उभं नाही. २००२ साली इंग्लंडमध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो माझ्यासारख्या व्याख्यात्याची जिरवतो. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला व्यायामाबद्दल काही विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामानं हृदयविकार कसा टळतो, हे पटवून देणारं साहित्य वाचायला दिलं. म्हणजे त्यांचं व्याख्यानच झालं म्हणा. तिसऱ्याला तेच साहित्य दिलं, आणि वर एक वाक्य लिहायला लावलं : पुढच्या आठवड्यात मी अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. आठवड्यानं विचारलं. ज्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. ज्यांना पटवून दिलं, त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांनी. आणि ज्यांनी वार, वेळ, जागा लिहिली, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी!

पटवून दिलेल्यांचा इरादा वाढला होता बरं का. त्यांनी मनापासून ठरवलं होतं. फक्त कुठल्या वाजता, हे ठरवलं नव्हतं. आपल्या 'उद्यापासून पक्कं'मध्ये नेमकं हेच नसतं. उद्या किती वाजता? कुठे? कुणाबरोबर? पाऊस आला तर कुठे? 'पाहू ना बाप्पा' हे त्याचं उत्तर नव्हे.

मग सवय लागायला दिवस किती? एकवीस दिवसांचा मंत्र तुम्ही मोबाइलवर शंभरदा वाचला असेल. लंडनच्या एका विद्यापीठानं ९६ माणसांवर हे मोजून पाहिलं. एखादी गोष्ट आपसूक व्हायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. त्यात माझ्या दृष्टीनं मोलाची गोष्ट ही, की मध्ये एखादा दिवस चुकल्यानं सवयीचं फारसं बिघडलं नाही. आपल्याकडे उलटं होतं. एक दिवस चुकला की माणूस स्वतःलाच म्हणतो, 'झालं, मोडलं आपलं,' आणि मग पुढचा पाडवा येईपर्यंत थांबतो.

अमरावती ते अकोला या महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तासांत ७५ किलोमीटरची मार्गिका टाकली गेली आणि गिनीज बुकात नाव लागलं. त्याआधी कित्येक वर्षं त्याच रस्त्यानं आपल्या पाठीचे मणके मोजले होते. विक्रमाचा मला अभिमान आहे. पण व्यायामाच्या बाबतीत आपण सगळेच विक्रमवीर आहोत : वर्षभर खड्डे, आणि जानेवारीत पाच दिवसांचा पराक्रम. नवे बूट, जिमची वर्षभराची फी, पहिल्याच दिवशी शंभर दंड, आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना 'आई गं'. नव्यानं सुरू करणाऱ्याला माझा सल्ला असतो की पहिले पंधरा दिवस लाज वाटेल इतकं कमी करा. दहा मिनिटं चाला आणि परत या. अजून चालावंसं वाटत असतानाच परत या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम सांगते. ते गाठायला सहा महिने लागले तरी बिघडत नाही. दहा हजार पावलांची धास्ती तर सोडूनच द्या. तो आकडा टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून जगभर गेला.

आता ऊन. पुण्या-मुंबईत छापलेली व्यायामाची पुस्तकं वऱ्हाडात का चालत नाहीत, याचं कारण मे महिना. इथे पारा ४५ च्या वर जातो. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेपायी तुमच्या जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. शिकवणीच्या वर्गांच्या वेळासुद्धा बांधून दिल्या होत्या. अशा मुलखात 'बारा महिने सकाळी सातला चाला' हा सल्ला म्हणजे माणसाला एप्रिलमध्ये नापास करण्याची व्यवस्था आहे. सातला इथे चटके बसतात. मग तो बंद करतो, जूनमध्ये पाऊस, जुलैत चिखल, आणि दिवाळीपर्यंत विषय संपतो. आपल्या जुन्या शेतकऱ्याचं वेळापत्रक ऋतूबरोबर सरकत होतं, तसं व्यायामाचंही सरकलं पाहिजे. होळीनंतर पहाटे पाच, नाहीतर रात्री जेवणानंतर गच्चीवर. मेमध्ये घरातच : नमस्कार, बैठका, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. पावसाळ्यात एखाद्या देवळाचा मंडप, शाळेचा व्हरांडा. आधीच ठरलेलं असलं तर ऋतू पालटल्यावर फक्त जागा बदलते, व्यायाम थांबत नाही.

एवढा वेळ मी 'माणूस' म्हणत होतो आणि डोळ्यांसमोर बहुधा पुरुष होता. २०२४ साली जगभरच्या आकडेवारीचा एक अभ्यास आला. भारतात पुरेशी हालचाल न करणारे पुरुष ४२ टक्के, बायका ५७ टक्के. लगेच निष्कर्ष निघाला की बायकांमध्ये जागृती केली पाहिजे. कसली जागृती?

सकाळी साडेपाचला त्या बाईनं घराबाहेर पडायचं, तर सहाचा चहा कोण करणार, पोरांचे डबे कोण भरणार, नळ आला तर पाणी कोण भरणार? अकोल्यात नळ किती दिवसांनी येतो हे मी तुम्हाला सांगायला नको. गल्लीत दिवा नाही, कोपऱ्यावर कुत्री आहेत, आणि चालायला निघालेल्या सुनेला ओट्यावरची बाई विचारते, 'कुठी चालली वं येवढ्या सकाळी?' पुरुषाला 'काल काहून नाही आला' विचारणारे असतात. बाईला 'आज काहून निघाली' विचारणारे असतात. हा फरक प्रेरणेनं भरून निघत नाही. इथे बसलेल्या पुरुषांनी आपल्या घरातला सकाळचा चहा आणि डबे आठवड्यातून चार दिवस अंगावर घेतले, तर त्या घरातल्या बाईला माझ्या व्याख्यानाची गरज उरणार नाही. आणि महानगरपालिकेनं मैदानाच्या वाटेवर दिवे लावले तर आणखी चांगलं.

शेतातल्या बाईची गोष्ट तर वेगळीच आहे. दिवसभर वाकून निंदण करणारी, कापूस वेचून पाठीवर ओटी वागवणारी बाई दवाखान्यात येते, आणि छापील कागदावर लिहिलेलं असतं 'रोज अर्धा तास व्यायाम करा'. तिला हालचाल कमी नाही, विश्रांती कमी आहे. फार तर पाठ सरळ करणारे, दुसऱ्या बाजूनं ताण देणारे चार प्रकार तिला दाखवावेत. पण त्याच गावात तणनाशकाची फवारणी आली, ट्रॅक्टर आला, आणि शेतमालक बांधापर्यंत मोटरसायकलवर जाऊ लागला. त्याचं पोट पुढे आलं. एकाच शेतात एकाला श्रम जास्त, एकाला कमी. दोघांना एकच सल्ला कसा चालेल?

श्रमाचा विषय निघाला की वऱ्हाडात गाडगेबाबांचं नाव येणारच. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं, आणि पायी पुढच्या गावाला जायचं. त्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही. शरीराला मात्र नावाशी देणंघेणं नसतं. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढून तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, असं त्यात दिसलं. दोघांचा पगार एका खात्यातून, धूळ-धूर तोच, फरक जिन्याचा. मला व्यायाम आवडतच नाही, असं ज्यांचं प्रामाणिक मत आहे, त्यांनी हा रस्ता धरावा. ग्रामसफाई करा, झाडांना बादलीनं पाणी घाला, दोन किलोमीटरच्या आतली कामं पायी करा. तुकडोजी महाराजांच्या सेवामंडळाची माणसं पहाटे हेच करत आली आहेत. त्यातही पुन्हा तीच खुबी आहे : वेळ ठरलेली, आणि सगळे मिळून.

माझं बोलणं इथे थांबवतो, कारण इंग्लंडमधल्या त्या दुसऱ्या गटासारखं तुम्हाला नुसतं पटवून देऊन घरी पाठवायचं नाही. कार्यकर्ते आता तुमच्याकडे कोऱ्या चिठ्ठ्या आणतील. त्यावर या आठवड्यातला एक वार, एक वेळ, एक जागा लिहा. मोठं काही लिहू नका. 'बुधवार, पहाटे साडेपाच, नेहरू पार्कचं फाटक, पंधरा मिनिटं' एवढं पुरे. खाली फोन नंबर लिहा, आणि ती चिठ्ठी स्वतःच्या खिशात न ठेवता शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला द्या. त्याची तुम्ही घ्या. नवरा-बायको शेजारी बसले असतील तर कृपया एक खुर्ची सोडून अदलाबदल करा. घरातल्या घरात सूट फार लवकर मिळते. प्रश्नोत्तरांना अध्यक्षांनी वीस मिनिटं दिली आहेत. गुडघ्याचे आणि छातीच्या दुखण्याचे प्रश्न मात्र तुमच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवा, आणि ते विचारल्यावरच चिठ्ठीवर वेळ लिहा.